जमिनीखालून वर: जिना चढू न शकणाऱ्या माणसाला भुयारी स्थानकातून बाहेर कसं काढतात

इमारतीला आग लागली तर काय करायचं, हे बहुतेकांना पाठ असतं. लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने खाली उतरायचं, मोकळ्या जागेत जमायचं. भुयारी स्थानकात यातलं मधलं वाक्य उलटं होतं. तिथे सुटका खाली नाही, वर आहे. इमारतींसाठी तयार झालेली बरीचशी साधनं, प्रशिक्षणं आणि सवयी या एका फरकापुढे निकामी ठरतात, आणि त्याची सर्वात मोठी किंमत जिना चढू न शकणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

फलाट जमिनीखाली २५ मीटर असेल तर तो साधारण आठ मजले खोल असतो. एक पायरी १६५ मिलिमीटर धरली तर वर यायला सुमारे १५० पायऱ्या होतात. काही स्थानकं याहून कितीतरी खोल आहेत. कीव्हचं आर्सेनाल्ना स्थानक १०५.५ मीटर खोल आहे. तिथे याच हिशेबाने ६४० पायऱ्या होतील. एवढ्या उंचीवर माणसाला उचलून आणू, असं म्हणणारी योजना फक्त कागदावर चालते.

भुयारी रेल्वेसाठी जगभर वापरलं जाणारं अमेरिकी मानक म्हणजे एनएफपीए १३०. त्यातला ढोबळ नियम असा की फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हावा आणि फलाटावरचा सर्वात दूरचा माणूस ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोचावा. या गणितात जिना चढणाऱ्याचा वेग, नुसती उभी उंची मोजली तर, मिनिटाला सुमारे १५ मीटर धरतात. म्हणजे गर्दी आड आली नाही तर २५ मीटर चढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण हा सरासरी वेग आहे. ज्याला पायरी चढताच येत नाही त्याचा वेग शून्य असतो, आणि शून्य वेगाचा माणूस सरासरीत दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळा हिशेब मांडावा लागतो.

शून्य वेगाची माणसं कोण, याबद्दलही गैरसमज आहे. योजना करणारे बहुधा व्हीलचेअर मोजतात. प्रत्यक्षात मोठा गट असतो तो सपाटीवर चालू शकणाऱ्या पण १५० पायऱ्या चढू न शकणाऱ्यांचा. हृदयविकार आणि दम्याचे रुग्ण, गुडघे झिजलेले, दिवस भरत आलेल्या गरोदर बाया, पायाला प्लास्टर असलेले, पार्किन्सन झालेले. खाली येताना ते लिफ्टने किंवा सरकत्या जिन्याने येतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. सरकते जिने थांबले की मग कळतं, इतकी माणसं खाली कशी काय होती ते.

थांबलेला सरकता जिना हा साध्या जिन्याचा पर्याय वाटतो, पण चढायला तो जास्त कठीण असतो. साध्या जिन्याची पायरी १५० ते १८० मिलिमीटर असते, सरकत्या जिन्याची २०० च्या पुढे. वरच्या आणि खालच्या टोकाला पायऱ्यांची उंची हळूहळू बदलत जाते, त्यामुळे पावलाचा अंदाज चुकतो आणि माणूस तिथेच अडखळतो. मधे दम खायला चौक नसतो. व्हीलचेअर तर त्यावर नेऊच नये. उतार ३० अंशांचा असतो, आणि मागून धरणाऱ्याचा हात सुटला तर खुर्ची खालच्या माणसांवर जाते.

धूर आणि माणसं एकाच वाटेने जातात

इमारतीत माणसं खाली येतात आणि धूर वर जातो, म्हणून वाटा फुटतात. भुयारात दोघांनाही वरच जायचं असतं. गरम धूर तिरप्या किंवा उभ्या मार्गातून सेकंदाला काही मीटर वेगाने चढतो. जिना चढणारा माणूस उभ्या मापात सेकंदाला पाव मीटर चढतो. धूर त्याला गाठतोच. म्हणून 'लवकर चढा' हा सल्ला धडधाकट माणसालाही नेहमी वाचवत नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. तिरप्या खाचेत ज्वाळा वर उठण्याऐवजी पायऱ्यांना चिकटून वर सरकल्या आणि वरच्या तिकीट हॉलमध्ये एकदम भडका उडाला. ३१ जण गेले. त्याआधी खालच्या प्रवाशांना दुसऱ्या मार्गिकेच्या सरकत्या जिन्यांनी वर पाठवलं जात होतं. वाट सुरक्षित वाटत होती, पण ती त्याच तिकीट हॉलमध्ये निघत होती. आणि खाली अडकलेले शेकडो लोक वाचले ते गाडीत बसून, तिथून निघून गेल्यामुळे.

या घटनेतला हा शेवटचा भाग फारसा सांगितला जात नाही. आमच्या मते आपल्या विषयात तोच सर्वात कामाचा आहे.

गाडी हीच सर्वात मोठी लिफ्ट

फलाट आणि गाडीचा दरवाजा एका पातळीत असेल तर व्हीलचेअर गाडीत चढायला काही सेकंद लागतात. उचलाउचल नाही, पट्टे नाहीत, प्रशिक्षित माणसांची टोळी नाही. आग तिकीट हॉलमध्ये, दुकानात किंवा वरच्या मजल्यावर असेल, फलाट स्वच्छ असेल, तर जिना चढू न शकणाऱ्यांना गाडीत बसवून पुढच्या स्थानकावर नेणं हा सगळ्यात जलद आणि सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग आहे. बॉम्बची धमकी, वीज अंशतः जाणं, वरून पाणी शिरू लागणं, या प्रसंगांतही रूळ आणि गाडी चालवणारी वीज शाबूत असेपर्यंत हे करता येतं.

मग हे सहज होत का नाही? कारण आगीची सूचना आली की नियंत्रण कक्षाची पहिली प्रतिक्रिया त्या स्थानकात गाडी न थांबवण्याची असते, आणि ती योग्यच असते. भरलेली गाडी पेटत्या स्थानकात आणण्याचा परिणाम दक्षिण कोरियातल्या देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी दिसला. एका गाडीत आग लावली गेली, आणि समोरच्या दिशेने येणारी दुसरी गाडी त्याच स्थानकात येऊन थांबली. वीज गेली, गाडी निघू शकली नाही, चालकाने मास्टर चावी काढून नेली आणि बरेच प्रवासी बंद दारांमागे अडकले. दोन्ही गाड्या मिळून १९२ मृत्यू झाले. तेव्हा सुटकेची गाडी मागवायची तर ती रिकामी हवी. फलाटावर धूर नाही याची खात्री खालच्या माणसाने डोळ्यांनी करून कळवलेली हवी, आणि गाडी थांबण्यापूर्वी माणसं ठरलेल्या दरवाजासमोर उभी हवीत. हा निर्णय स्टेशन मास्तर एकटा घेऊ शकत नाही. नियंत्रण कक्षाच्या कार्यपद्धतीत तो आधीच लिहिलेला असावा लागतो, नाहीतर ऐन वेळी 'गाडी थांबवू का' हे विचारण्यातच ती गाडी निघून जाते.

गाडीचा मार्ग बंद असेल तर त्याच पातळीवर दुसरीकडे सरकायचं. अग्निरोधक दारापलीकडचा दुसरा फलाट, दुसऱ्या मार्गिकेला जोडणारी भुयारी वाट, स्थानकाचं दुसरं टोक. रुग्णालयात पेशंटला आधी शेजारच्या वॉर्डात हलवतात, तसंच हे. आडवं सरकून वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तर पुढचं सगळं सोपं होतं.

'लिफ्ट वापरू नका' हे अर्धंच खरं

साध्या लिफ्टवर आगीत बंदी असण्याची कारणं ठोस आहेत. वीज गेली तर मधेच अडकते. आग असलेल्या मजल्यावरच दार उघडू शकतं. लिफ्टची उभी विहीर धुराड्यासारखी धूर ओढते. अग्निशमनाचं पाणी विहिरीत उतरून विजेची यंत्रणा बंद पाडतं. म्हणून अलार्म वाजला की साधी लिफ्ट ठरलेल्या मजल्यावर जाऊन दार उघडून थांबते, आणि बटणाला दाद देत नाही.

सुटकेसाठीची लिफ्ट यातल्या प्रत्येक कारणाचं उत्तर घेऊन बांधलेली असते. दोन स्वतंत्र विद्युत पुरवठे, आग सोसणाऱ्या केबल, विहिरीभोवती अग्निरोधक भिंती, दारासमोर बंदिस्त लॉबी, त्या लॉबीत पंख्याने राखलेला जास्त दाब म्हणजे धूर आत येत नाही, उंबऱ्याला पाणी बाहेर वळवणारा उतार, विहिरीच्या तळाशी पंप, आणि आतून, लॉबीतून व नियंत्रण कक्षातून बोलण्याची सोय. ती बटणाने कोणीही चालवत नाही, प्रशिक्षित कर्मचारी किल्लीने चालवतो. युरोपात यासाठी ईएन ८१ मालिकेत वेगळी मानकं आहेत: अग्निशमन दलाच्या लिफ्टसाठी ८१-७२ आणि अपंग व्यक्तींच्या सुटकेच्या लिफ्टसाठी ८१-७६. बाहेरून दोन्ही साध्या लिफ्टसारख्याच दिसतात. म्हणून लॉबीत ठळक पाटी लागते, नाहीतर जन्मभर 'आगीत लिफ्ट नको' ऐकलेला माणूस ती समोर असूनही वापरणार नाही.

आता लिफ्टची क्षमता. समजा लिफ्टचा वेग सेकंदाला १ मीटर आहे आणि खोली २५ मीटर. वर जायला २५ ते ३० सेकंद, खाली यायला तेवढेच, खाली दोन व्हीलचेअर उलट्या आत घ्यायला ४० सेकंद, वर उतरवायला २०-२५. एक फेरी म्हणजे सुमारे दोन मिनिटं. फलाटावर व्हीलचेअरवरचे सहा जण आणि जिना चढू न शकणारे आणखी वीस जण आहेत. व्हीलचेअरच्या तीन फेऱ्या, बाकीच्यांच्या, एका वेळी आठ धरून, तीन फेऱ्या. सहा फेऱ्या म्हणजे १२ मिनिटं. सहा मिनिटांच्या नियमाच्या दुप्पट. याचा अर्थ योजना फसली असा नाही. याचा अर्थ असा की लिफ्टसमोरच्या लॉबीत सव्वीस माणसं बारा मिनिटं धुराशिवाय थांबू शकली पाहिजेत, आणि लॉबीचं क्षेत्रफळ त्यावरून ठरलं पाहिजे. दोन व्हीलचेअर मावतील एवढीच लॉबी बांधली तर उरलेले लोक दाराबाहेर, धुरात उभे राहतात.

उभ्या वाहतुकीची अडचण किती मोठी होऊ शकते हे जपानच्या सेइकान बोगद्यात दिसलं. ३ एप्रिल २०१५ रोजी समुद्राखालच्या त्या बोगद्यात गाडीखालून धूर आल्यावर १२४ प्रवासी बोगद्यातल्या आणीबाणीच्या स्थानकापर्यंत चालत गेले आणि तिथून लहानशा केबल कारने खेपा करत वर आले. सगळे वर यायला काही तास लागले. आग भडकली नव्हती म्हणून वेळ होता.

एक बारीकसारीक वाटणारी गोष्ट जवळून बघू. लॉबीत जास्त दाब ठेवतात, साधारण ५० पास्कल. आकडा क्षुल्लक दिसतो. पण ०.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दाराचं क्षेत्रफळ १.८९ चौरस मीटर होतं, म्हणजे दारावर सुमारे ९५ न्यूटन बल. बिजागरीच्या विरुद्ध टोकाला, मुठीपाशी, त्यातलं निम्मं जाणवतं, साधारण पाच किलो. त्यात दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राचा जोर मिळवा. एकूण शंभर न्यूटनच्या आसपास, म्हणजे दहा किलोचं वजन ओढल्यासारखं. उभा माणूस पाय रोवून ते ढकलतो. व्हीलचेअरवरच्या माणसाने दार ढकललं की दार हलत नाही, खुर्ची मागे सरकते. ब्रेक लावावा तर पुढे जाता येत नाही. धुरापासून वाचवणारं दार त्याच्यासाठी भिंत होऊन बसतं. उपाय माहीत आहेत: एरवी चुंबकाने उघडं धरलेलं आणि अलार्मनंतर मिटणारं दार, बटणावर चालणारी मोटर, किंवा दारावर नेमलेला एक माणूस. पण दाबाची चाचणी घेताना व्हीलचेअरवर बसून ते दार कोणीतरी उघडून पाहिलं का, हे विचारायला हवं.

थांबण्याची जागा

लिफ्टची फेरी येईपर्यंत किंवा मदत पोचेपर्यंत थांबायचं ते रेफ्यूज एरियात, म्हणजे तात्पुरत्या आसऱ्याच्या जागेत. ती अग्निरोधक भिंतींच्या आत असते, जिन्याच्या चौकात किंवा लिफ्टच्या लॉबीत. ब्रिटनच्या बीएस ९९९९ या मानकात एका व्हीलचेअरसाठी ९०० बाय १४०० मिलिमीटर जागा धरली आहे, आणि तिने जिन्याची वाट अरुंद होता कामा नये. बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा, जमिनीपासून ९०० ते १२०० मिलिमीटर उंचीवर, भिंतीवर दोन्ही बाजूंनी बोलता येणारा इंटरकॉम हवा. बटण दाबल्यावर दिवा लागायला हवा, म्हणजे ऐकू न येणाऱ्याला कळतं की निरोप पोचला.

ही जागा म्हणजे मुक्काम नव्हे. तिथे आणून सोडलेल्या माणसाला पुढे कोण, कशाने आणि किती वेळात नेणार, हे लिहिलेलं नसेल तर ती जागा धोकादायक आहे, कारण बाकी सगळे 'तो सुरक्षित आहे' असं समजून निघून जातात. अग्निशमन दल येऊन नेईल, हे उत्तर पुरेसं नाही. दल येतं तेव्हा त्यांच्यापुढे आग विझवण्याचं काम असतं, आणि खाली जायला त्यांना तीच लिफ्ट लागते. म्हणून दल पोचण्याआधीच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच लिफ्टने जितके जमतील तितके वर काढायचे. दल आल्यावर लिफ्ट त्यांच्या ताब्यात देताना खाली कोण, कुठे, कितीजण, ही यादी हातात द्यायची.

बिघाड नेहमीचे असतात. थांबण्याच्या जागेत सफाईच्या बादल्या आणि जाहिरातीचे जुने फलक ठेवलेले असतात. इंटरकॉम ज्या खोलीत वाजतो ती खोली आणीबाणीत सर्वात आधी रिकामी होते. लिफ्टची किल्ली वेगळ्या पाळीतल्या माणसाच्या खिशात असते.

इव्हॅक्युएशन चेअर: उतरायला बनवलेली खुर्ची

भिंतीवर पिवळ्या आवरणात टांगलेली घडीची खुर्ची बऱ्याच ठिकाणी दिसते. वजन दहा-पंधरा किलो, पेलायची क्षमता दीडशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. तिच्या मागच्या बाजूला दोन रबरी पट्टे असतात. जिन्यावर खुर्ची मागे कलली की ते पायऱ्यांच्या कडांवर टेकतात, आणि घर्षणामुळे एकच माणूस, मागे व वर उभा राहून, बसलेल्याला अलगद खाली आणतो. युक्ती सुरेख आहे, पण ती गुरुत्वाकर्षणावर चालते. वर न्यायला हे पट्टे काही मदत करत नाहीत. भुयारी स्थानकात अशी खुर्ची टांगून 'सोय केली' असं म्हणणं म्हणजे उताराचं साधन चढाला देणं. पुलावरच्या तिकीट हॉलमधून उतरायला किंवा उन्नत स्थानकात ती उत्तम. खोल फलाटावर मात्र वर चढणारी, बॅटरीवर चालणारी खुर्ची हवी, नाहीतर उचलायला मुठींची सोय असलेली.

बॅटरीच्या खुर्चीला एक-दोन माणसं पुरतात, पण तिचा वेग संथ असतो. मिनिटाला पंधरा पायऱ्या धरल्या तर १५० पायऱ्यांना दहा मिनिटं. बॅटरी नेहमी चार्ज असावी लागते, आणि महिन्याला तपासावी लागते. गोल जिन्यावर कोणतीच पट्ट्यांची खुर्ची चालत नाही, कारण पट्टा एका वेळी दोन-तीन पायऱ्यांच्या सरळ कडांवर टेकावा लागतो. जुन्या स्थानकांचे आणीबाणीचे जिने बऱ्याचदा नेमके गोल असतात.

हाताने वर न्यायचं तर क्रम असा. आधी बसलेल्या माणसाला विचारायचं: कुठे धरू, कुठे दुखतं, कसं उचललेलं चालतं? व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या बाजूला करायच्या, मग सुटकेच्या खुर्चीत हलवायचं. छाती, कंबर आणि घोटे, तिन्ही पट्टे. घोट्यांचा पट्टा विसरतात, आणि लुळा पाय घसरून पायरीत अडकतो. माणसाची पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला, तोंड खालच्या बाजूला. वर एक जण मुठी धरून, खाली दोघे पुढच्या दांड्यांना. हुकूम एकानेच द्यायचा, वरच्याने. जास्त भार खालच्या दोघांवर येतो, म्हणून तिथे ताकदीची माणसं. प्रत्येक चौकात थांबायचं, आणि पुढच्या टप्प्याआधी पट्टे पुन्हा हाताने चाचपायचे.

दर टप्प्यात बारा पायऱ्या आणि विश्रांती धरून पाऊण मिनिट मोजलं तरी १५० पायऱ्यांना नऊ-दहा मिनिटं लागतात, आणि ती टोळी लगेच दुसऱ्या फेरीला लायक राहत नाही. रात्रपाळीला स्थानकावर दोन-तीनच कर्मचारी असतील तर ही पद्धत एका माणसापुरतीही पुरत नाही.

साधी व्हीलचेअर बारा ते अठरा किलोंची असते. माणसासकट पायरी-पायरीने वर ओढता येते, पाठ जिन्याकडे, मोठी चाकं पायरीला टेकवून. मात्र धरायचं ते फ्रेमला. हाताचे टेकू आणि पायाच्या पट्ट्या निघणाऱ्या असतात, त्या धरल्या की हातात येतात आणि खुर्ची सुटते. मोटारीची व्हीलचेअर उचलायचा विचारही करू नये. तिचं वजन शंभर किलोंच्या पुढे जाऊ शकतं, माणसासकट अडीचशे-तीनशे. ती खाली ठेवून माणसाला वर आणायचं.

माणूस म्हणजे नुसतं वजन नव्हे. मज्जारज्जूच्या दुखापतीत संवेदना नसते, म्हणून कडक खुर्चीवर बसवताना त्याची उशी त्याच्याबरोबर न्यायची, नाहीतर त्वचेला जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. सेरेब्रल पाल्सीत घाईने हात लावला की स्नायू आकडतात आणि पट्ट्यातून शरीर निसटतं. हाडं ठिसूळ असतील तर काखेत धरून उचलणं म्हणजे मोडणं. काहींना आडवं झोपवलं की श्वास घेता येत नाही. लघवीची पिशवी मांडीला बांधलेली असेल तर पट्टा तिच्यावरून नको. म्हणून आधी विचारायचं. त्यात जाणारे वीस सेकंद पुढचे अपघात टाळतात. खांद्यावर टाकून नेणं सिनेमात शोभतं, जिन्यावर ते दोघांनाही पाडतं.

आणखी एक वादाचा मुद्दा. जिन्यावर गर्दी चढत असताना तीन माणसांची ही टोळी सगळी वाट अडवते, म्हणून बहुतेक योजना सांगतात की आधी गर्दी, मग उचलून न्यायचे. गणित बरोबर आहे. पण 'मग' याचा अर्थ 'शेवटी, जमलं तर' असा होऊ नये. गर्दी ओसरेपर्यंत त्या माणसाजवळ एक कर्मचारी थांबलेला हवा, आणि ते थांबणं ड्युटीच्या कागदावर नावानिशी लिहिलेलं हवं.

गाडी बोगद्यात अडकली तर

जळती गाडीसुद्धा चालू शकत असेल तर बोगद्यात न थांबवता पुढच्या स्थानकात न्यायची, हा सर्वमान्य नियम आहे. थांबलीच तर प्रश्न कठीण होतो. बोगद्यातल्या पायवाटेची रुंदी पावलांपाशी ६०० मिलिमीटरच्या थोडी वर, आणि व्हीलचेअर ६०० ते ७००. चाकं मावत नाहीत. गाडीचा तळ रुळांपासून मीटरभर उंच असतो. टोकाच्या दारातून उतरायला उतार किंवा शिडी असते, आणि खाली रुळांखालचे आडवे स्लीपर. गाडीला वीज पुरवणारा तिसरा रूळ असेल तर त्यात ६०० ते ७५० व्होल्ट वीज असते. ती बंद झाल्याची आणि पुन्हा चालू होणार नाही अशी जोडणी केल्याची खात्री झाल्याशिवाय कोणालाही खाली उतरवायचं नाही.

दोन समांतर बोगद्यांमध्ये जोडवाटा असतात. एनएफपीए १३० मध्ये त्यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त २४४ मीटर, म्हणजे सर्वात वाईट स्थितीत जवळचं दार १२० मीटरवर. गाडीला आग लागलेली नसेल तर चालू न शकणाऱ्यांनी डब्यातच थांबून शेजारच्या किंवा मागच्या रुळावर मदतगाडी येऊ देणं हा उत्तम मार्ग. आग असेल तर जोडवाटेपर्यंत माणूस उचलून न्यायचा आणि पलीकडच्या बोगद्यात, स्वच्छ हवेत, गाडीची वाट बघायची.

पंख्यांची दिशा इथे जीवनमरणाची असते. बोगद्याचे पंखे धूर एका बाजूला ढकलतात आणि माणसं दुसऱ्या बाजूने, ताज्या हवेकडे तोंड करून निघतात. अझरबैजानची राजधानी बाकूमध्ये २८ ऑक्टोबर १९९५ रोजी मेट्रोची गाडी बोगद्यात पेटली, आणि पंख्यांची दिशा बदलल्यावर धूर नेमका बाहेर पडणाऱ्या लोकांकडे ओढला गेला. २८० हून अधिक माणसं गेली. म्हणून चालू न शकणारे प्रवासी गाडीच्या कुठल्या भागात आहेत हे पंखे चालवणाऱ्याला आधी कळलं पाहिजे.

पुराचं तर्कशास्त्र वेगळं आहे. लिफ्टच्या विहिरीचा तळ स्थानकातला सर्वात खोल भाग असतो, त्यामुळे पाण्यात लिफ्ट सर्वात आधी जाते. तेव्हा पाणी प्रवेशद्वाराच्या पायरीला लागलं की जिना चढू न शकणाऱ्यांना सर्वात आधी वर काढायचं. आगीतला क्रम इथे उलटा.

प्रवाशाने करायच्या गोष्टी

आत शिरताना कर्मचाऱ्याला सांगावं की मी या गाडीने अमुक स्थानकावर उतरणार आहे. खाली कोण आहे हे माहीत नसणं ही सुटकेतली सर्वात मोठी चूक असते, आणि ती या एका वाक्याने टळते. डब्याचा क्रमांक लक्षात ठेवावा. इंटरकॉमवर तीनच गोष्टी सांगाव्या: कुठे आहे, धूर दिसतो का, काय जमतं आणि काय जमत नाही. 'मी अपंग आहे' यापेक्षा 'दहा पायऱ्या धरून चढू शकतो, त्यापुढे नाही' हे वाक्य मदत करणाऱ्याला जास्त सांगतं. आपल्याला कसं उचलायचं, खुर्चीचं वजन किती, कुठला भाग निघतो, हे चार ओळींत लिहिलेलं कार्ड खुर्चीच्या मागे अडकवलेलं असावं, कारण धुरात बोलणं जमेलच असं नाही.

सहप्रवाशाने आधी विचारावं, मग हात लावावा. काठी, कुबडी, श्रवणयंत्र माणसाबरोबरच न्यावं. काहीच जमत नसेल तर त्या माणसाची नेमकी जागा वर पोचल्याबरोबर पहिल्या कर्मचाऱ्याला सांगावी, आणि त्याने ती लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वर आल्यावर

जमण्याची जागा पायऱ्यांशिवाय पोचता येईल अशी असावी. सुटकेची खुर्ची अर्धा तास बसायची नव्हे. तिला चाकं ढकलायची सोय नसते, मानेला पुरेसा आधार नसतो, आणि त्यात बसवलेला माणूस स्वतः कुठेही हलू शकत नाही. म्हणून वरच्या कार्यालयात एक साधी व्हीलचेअर राखीव ठेवावी. खाली राहिलेल्या खुर्चीवर त्या माणसाचं नाव आणि फलाटाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधावी, आणि तिचा दुसरा अर्धा तुकडा माणसाच्या हातात द्यावा. स्थानक पुन्हा उघडल्यावर आधी त्या खुर्च्या वर आणाव्या.